हाडांची फाईल

आमच्या सेक्शनचे सुपरिंटेंडंट स्वतःच्या घड्याळावरसुद्धा विश्वास ठेवत नसत. मनगटावर एक, खिशात एक, आणि ऑफिसात पाऊल टाकलं की भिंतीवरच्या तिसऱ्याकडे बघून म्हणायचे, "तिन्ही चूक." मग अटेंडरला विचारायचे, "किती वाजले?" त्यानं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, "कशावरून?"

हा त्यांचा शब्द. पाऊस येणार म्हटलं तरी कशावरून, पगार झाला म्हटलं तरी कशावरून. एकदा त्यांच्या मुलीला मुलगा झाल्याचा फोन ऑफिसात आला. आम्ही सगळे पेढ्यांच्या आशेनं कान टवकारून बसलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे डॉक्टरांनी सांगितलं का जावयानं?" पेढे आले, पण तिसऱ्या दिवशी. ते स्वतः जाऊन नातू बघून आले तेव्हा.

आमची कचेरी हैदराबादच्या नामपल्लीत होती. सेक्शनात मराठी बोलणारे दोघंच, ते आणि मी. त्यांचं घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, शेती मागे टाकून शहरात नोकऱ्यांना लागलेलं. माझे वडील नांदेडकडून इथं नोकरीला आले, आणि गौलीगुड्याच्या दोन खोल्यांत आमचं सगळं आयुष्य गेलं. भाषा एक म्हणून ते मला थोडं सांभाळून घेतील असं मला सुरुवातीला वाटलं होतं. झालं उलटंच. मी आईशी फोनवर काय बोलते ते त्यांना कळायचं, त्यामुळे माझ्या निम्म्या रजा टेबलावरच पकडल्या जायच्या.

पाण्याची बाटली ते घरून आणत आणि तिच्या झाकणाला दोरा बांधून ठेवत. कुणी उघडली तर गाठ बदललेली कळावी म्हणून. पाकीट फोडायच्या आधी उजेडाला धरून बघत. फाईल हातात आली की आधी पानं मोजायची, मग वाचायची. पण एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, ती आज दिसते. संशय आला की ते गप्प बसत नसत, त्याचा तपास लावत. पानं मोजून झाली, भरली, की तो विषय त्यांच्यापुरता संपायचा. मनात धरून ठेवायची सवय त्यांना नव्हती. ती आम्हाला होती.

मग राज्याचे दोन तुकडे व्हायचं ठरलं, आणि अख्खी कचेरी त्यांच्यासारखी झाली. प्रत्येक फाईलच्या दोन प्रती निघायला लागल्या, एक इकडच्या राज्याला, एक तिकडच्या. कपाटांवर खडूनं खुणा झाल्या. माणसांचीही तशीच वाटणी व्हायची होती. कोण कुठं शिकलं, किती वर्षं शिकलं, त्यावर कोण इथलं आणि कोण तिकडचं ते एक कमिटी ठरवणार होती. एका डब्यातलं जेवणारी माणसं एकमेकांचं गाव विचारायला लागली. माझी शाळेची चार वर्षं नांदेडजवळ मामाकडे गेली होती. त्या चार वर्षांवर बोट ठेवून कुणी मला उचलून तीनशे किलोमीटर लांब टाकलं, तर आईला बघायला घरी कोण, या भीतीनं मला जेवण गोड लागत नव्हतं. शाळेच्या दाखल्यांची पिशवी मी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवली होती.

त्याच दिवसांत कचेरीच्या अंगणात हाडं तपासायचा फुकट कँप लागला. तंबू, दोन खुर्च्या, आणि टाच ठेवायचं एक यंत्र. टाच ठेवायची, यंत्र गुणगुणायचं, आणि मग टाय लावलेला एक मुलगा चेहरा पाडून सांगायचा, "मॅडम, फार कमी आहे. व्हिटॅमिन डी लगेच सुरू करा." आम्ही सगळे रांगेत. आणि सगळ्यांचंच कमी.

सुपरिंटेंडंट रांगेत दोनदा उभे राहिले. पहिल्यांदा डावी टाच, स्वतःच्या नावानं. दुसऱ्यांदा टोपी घालून उजवी टाच, अटेंडरच्या नावानं. एका टाचेचा आकडा दुसऱ्या टाचेशी जुळेना. ते त्या मुलासमोर दोन्ही चिठ्ठ्या धरून उभे राहिले.

"बाबा, यातली माझी कोणती?"

मुलगा गडबडला. म्हणाला, "सर, थोडा फरक येतोच."

"येऊ दे. पण हे यंत्र हाड मोजतंय ना? मग व्हिटॅमिन कमी आहे हे कशावरून? रक्त कुठं काढलं तुम्ही?"

लोक हसले. आणि हसत हसत गोळ्या घ्यायला पुढच्या टेबलाकडे गेले. मीही गेले. कँपात सवलत होती, आणि आईचे गुडघे दोन वर्षं दुखत होते. संत्र्याच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या. आईला कॅल्शियमची गोळी रोज चालू होतीच, तशीच ही. घरी गेल्यावर मी म्हटलं, "रोज एक, जेवल्यावर." मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. गोळी म्हणजे रोजची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

इकडे सुपरिंटेंडंटनी एक फाईल उघडली. खरीखुरी. तपकिरी पुठ्ठा, पांढरी दोरी, डावीकडे शेरे, उजवीकडे कागद. विषय: कर्मचाऱ्यांची हाडे. दोन लॅबमध्ये त्यांनी स्वतःचं रक्त दिलं, एका लॅबवर विश्वास नाही म्हणून. दोन्हीकडे व्हिटॅमिन कमीच निघालं, तेव्हा जरा हिरमुसले. मग औषध निवडायला लागले, आणि त्यात त्यांनी महिनाभर घालवला. जेवणाच्या सुट्टीत ते मेडिकलच्या दुकानांत जात आणि भिंगातून पाकिटं वाचत. त्यांना लांबून बघितलं की दुकानदार आत जायचे. परत आले की मला ऐकवत, कारण मराठीतून ऐकणारी मी एकटीच.

"बाई, एकाच रांगेत ठेवलेल्या दोन डब्या. एकीवर औषधाचं लायसन, दुसरीवर खाद्यपदार्थाचं. म्हणजे एक औषध आणि एक फराळ. दोन्ही हाडासाठीच म्हणतात. आता बोला."

मी टायपिंग करत होते.

"आणि हे युनिट बघा. एकावर हजार, एकावर दोन हजार, एकावर साठ हजार. सगळ्या गोळ्या आकारानं सारख्या. माणसानं ओळखायचं कशावरून?"

"डॉक्टर सांगतात ना," मी म्हटलं.

"डॉक्टरांकडे जातंय कोण? सगळे कँपात गेले."

शेवटी त्यांनी एका डॉक्टरला गाठून आठवड्याची एक पुडी लिहून घेतली. दर रविवारी पुडी घेतली की ते डायरीत सही करत. शिवाय दुपारी बाह्यांच्या घड्या करून, भिंतीकडे तोंड करून अंगणात उन्हात उभे राहत. खिडकीतल्या उन्हावर त्यांचा विश्वास नव्हता. काचेतून येतो तो नुसता उजेड, असं त्यांचं म्हणणं. अटेंडर त्या वेळी आम्हाला खुणेनं सांगायचा, "वाळत घातले."

मग एक दिवस त्या फाईलमधून सर्क्युलर निघालं. टाईप केलेलं एक पान, पाच मुद्दे, आणि खाली आमच्या सगळ्यांच्या नावांची यादी. प्रत्येकानं वाचून नावापुढे छोटी सही करायची. कचेरीत दिवसाला असली दहा सर्क्युलरं फिरत. पंखे बंद करा, फायली मोजा, दाखले जमा करा. अटेंडर कागद पुढे धरायचा, आपण नाव शोधायचं, सही ठोकायची, कागद पुढे. मीही तेच केलं. वाचलं नाही. आमच्यातल्या कुणीच वाचलं नसणार.

त्याच्या जोडीनं ते सगळ्यांकडून गोळ्यांची पाकिटं आणि कँपाच्या चिठ्ठ्या मागायला लागले. मला म्हणाले, "बाई, घरी कुणी घेत असेल तर तेही पाकीट आणा. बघून परत देतो." चिठ्ठीवर नाव, वय, आणि मूळ गाव असे रकाने होते. त्या दिवसांत घाबरायला मूळ गाव हा शब्द पुरेसा होता.

समोरच्या टेबलावर एक टायपिस्ट होते, त्यांना सगळे भाई म्हणत. कँटीनमध्ये ते माझ्याजवळ सरकून म्हणाले, "मॅडम, आप सोचो. उनको हमारी हड्डियों से क्या लेना? गाँव का नाम ले रे, उमर ले रे. कमेटी में देने के वास्ते है सब."

पिठाच्या डब्यामागची पिशवी डोळ्यांपुढे आली. पण मी विचारलं नाही, कशावरून. इतकी वर्षं तो शब्द रोज कानावर पडत होता, आणि गरज होती तेव्हा तो तोंडात आला नाही. भाईंनी खिशातून एक अर्ज काढला. सुपरिंटेंडंट कर्मचाऱ्यांचे खाजगी कागद गोळा करतात, त्यांना सेक्शनवरून हलवावं. खाली अकरा सह्या होत्या. बारावी माझी.

चौथ्या दिवशी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, फायलींच्या प्रती मोजायला. जाताना त्यांनी हाडांच्या फाईलची दोरी बांधली, पानं मोजली, आणि ती माझ्या टेबलावर ठेवून माझ्याकडून पोच घेतली. "चौतीस पानं. मोजून घ्या," म्हणाले. मी न मोजता पोच दिली, आणि फाईल कपाटात टाकली. मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

आईचं जेवण कमी झालं ते साधारण तेव्हापासून. चघळायच्या गोळ्या संपल्या की मी नाक्यावरच्या मेडिकलमधून परत आणत होते, दुकानदार विचारत नव्हता आणि मी सांगत नव्हते. आई म्हणायची, "भूकच लागंना माय. पाणी प्यायलं की परत कोरड पडायली." मग उलट्या सुरू झाल्या. गल्लीतल्या डॉक्टरनं पोटाचं औषध दिलं. पंधरवड्यानं आई बोलता बोलता हरवायला लागली. एका सकाळी तिनं मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारली. मावशी जाऊन सहा वर्षं झाली होती. वय झालं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली, आणि ती चघळायची गोळी तेवढी न चुकता देत राहिले, ताकद यावी म्हणून.

त्या महिन्यातला तिसरा रजेचा अर्ज घेऊन मी निघाले, तर जिन्यात सुपरिंटेंडंट भेटले. आता अर्जाशी त्यांचा संबंध नव्हता. तरी त्यांनी हात पुढे केला आणि वाचला.

"आई आजारी. काय होतंय?"

"वय झालंय."

"तहान फार लागते का? सारखं लघवीला जातात? बोलण्यात घोटाळा होतो?"

माझं डोकं फिरलं. यांना अजून माझी रजा तपासायची आहे! मी म्हटलं, "खोटं वाटत असेल तर घरी येऊन बघा."

ते संध्याकाळी आले. खरंच आले. हातात दोरा बांधलेली बाटली. दारात उभं राहून त्यांनी घराचा नंबर चिठ्ठीशी ताडून बघितला, मग चपला काढल्या. मी दार अडवून उभी होते. पिठाच्या डब्याकडे त्यांची नजर जाते का, ते मी बघत होते, इतकी मी खालच्या पातळीला गेले होते. आईनं पडल्या पडल्या हात जोडले. "जयभीम साहेब."

"जयभीम, आक्का," ते म्हणाले आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले. "औषधं काय काय चालू आहेत? दाखवता?"

आईनं उशाचा स्टीलचा डबा पुढे सरकवला. त्यांनी भिंग काढलं. कॅल्शियमची गोळी बाजूला, बीपीची बाजूला. चघळायच्या गोळीचं पाकीट हातात घेतलं आणि फार वेळ धरून बसले.

"ही कधी घेता, आक्का?"

"रोज की. लेकीनं आणून देल्यात. गोड लागतेत."

"किती दिवस?"

आईला आठवेना. मी म्हटलं, "तीन महिने होत आले असतील."

ते उठले. मला वाटलं, आता ते कशावरून म्हणणार. ते म्हणाले, "चपला घाला. मी ऑटो बघतो."

रक्तात कॅल्शियम इतकं वाढलं होतं की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा बघितला. आठवड्याला एक घ्यायची गोळी रोज पोटात गेली होती, वर कॅल्शियमची वेगळी. व्हिटॅमिन शरीरात साठत जातं, मूत्रपिंडं थोडक्यात वाचली, असं त्या म्हणाल्या. सगळ्या गोळ्या बंद, सलाईन चालू. पहिले दोन दिवस आई वाचते की नाही हे कुणी स्पष्ट सांगत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली, आणि मी दवाखान्याच्या संडासात जाऊन पोटभर रडले.

ऑफिसात गेल्यावर मी कपाटातून ती फाईल काढली. पानं मोजली. चौतीसच होती. सर्क्युलर वरतीच होतं. तिसरा मुद्दा ठळक टाईप केलेला: कँपात विकलेली चघळायची गोळी साठ हजार युनिटची आहे, ती रोज घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, घरी वडीलधारं कुणी घेत असेल तर पाकीट वाचून खात्री करावी. खाली यादी. माझ्या नावापुढे माझी छोटी सही, वेलांटीसकट.

मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. ते दोरीचे तुकडे लांबीप्रमाणे लावत होते. मी सर्क्युलरचं सांगितलं, आणि अर्जावरच्या बाराव्या सहीचंही सांगितलं.

"सही ओळखली होती मी," ते म्हणाले.

"तरी तुम्ही घरी आलात?"

"आक्कांनी कुठं सही केली होती?" त्यांनी एक तुकडा बाजूला ठेवला. "संशय घेतला त्याचं काही नाही, बाई. मीही तुमच्यावर घेतच होतो. पण घेतला की तपासायचा असतो. तुम्ही तपासलं नाही, नुसती सही केली. दोन्ही वेळेला."

एवढं बोलून ते पुन्हा दोरीकडे वळले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, रागही दाखवला नाही. मला दोन्हींपैकी काहीतरी हवं होतं.

आई घरी आल्यावर महिन्याभरानं ते तिला बघायला आले. डॉक्टरीणबाईंचा नवा कागद त्यांनी भिंगाखाली वाचला आणि सगळ्या औषधांचे दिवस आईकडून तोंडपाठ म्हणवून घेतले. आईनं न चुकता म्हटले. तेवढ्या काळात आल्यागेल्याला ती एकच सांगत होती, लेकीनं वेळेवर नेलं म्हणून वाचले. मी तिला एकदाही अडवलं नव्हतं.

"साहेब," आई म्हणाली, "एक विचारू का? ती गोळी रोज घ्यायची म्हणून माझ्या लेकीला सांगितलं कुणी हो? कुणीतरी फसवलं बघा तिला. पाकिटावर लिहिलेलं नसतंय का?"

पाकिटावर लिहिलेलं होतं. आठवड्यातून एकदा, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, माझ्या नखाएवढ्या मोठ्या अक्षरांत. त्यांनी ते माझ्यादेखत वाचलं होतं.

"छपाई फार बारीक होती, आक्का," ते म्हणाले. "कुणालाच वाचता आली नसती."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एकच खोटी गोष्ट. मला इतकी लाज वाटली की कान तापले. आईनं मान डोलावली, तिला पटलं. त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. ते थांबले होते. आता मी काहीतरी बोलेन, असं त्यांना वाटत असावं.

मी चहा ठेवते म्हटलं आणि आत गेले.